चार पट्ट्या खाली

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की मी स्वतःचीच बाजू ओढतोय. चूक माझी होती. पण ज्या माणसासाठी केली, त्याने ती ज्या तऱ्हेने माझ्या तोंडावर मारली ना, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आमचा बँड चौघांचा. दादा गातो, म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. मी बेस गिटार वाजवतो. लीड गिटारवर लंबू, आणि ड्रमवर दादाचा मेहुणा, ज्याला काठ्या आणि जेवण सोडून जगात कशातच रस नाही. बावीस वर्षं आम्ही एकच उद्योग केला. जुनी ब्लूज-रॉक गाणी घ्यायची आणि ती तिप्पट जड करून वाजवायची. मूळ गाण्यात गिटार कण्हत असेल तर आमच्याकडे ती गुरगुरते. मूळ गाण्यातला माणूस दारात उभा राहून बाईला म्हणतो, नको जाऊस. आमच्याकडे तोच माणूस दाराला लाथ घालून तेच म्हणतो. लोक विचारतात, गाणं तर दुसऱ्याचं, मग तुमचं त्यात काय? अशा लोकांशी मी वाद घालणं सोडून दिलंय. ज्याला ऐकूच येत नाही त्याला समजावणार काय, कपाळ?

पोटापाण्यासाठी दादाचं गाड्या रंगवायचं वर्कशॉप आहे. दादा स्प्रे मारतो आणि मी रंग बनवतो. हे रंग बनवणं म्हणजे काय ते जरा सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झालेला आहे. ठोकलेली गाडी आली की तिच्या दाराच्या आतल्या पट्टीवर रंगाचा कोड असतो. नवशिक्या माणूस त्या कोडाबरहुकूम रंग काढतो आणि तोंडघशी पडतो. कारण गाडी आठ-दहा वर्षं उन्हात उभी असते, तिचा रंग उतरलेला असतो. नवा रंग कोडाप्रमाणे मारला की तो तुकडा ठिगळासारखा दिसतो. मग मी काय करतो, गाडी जितकी उतरलीय तितकाच रंग उतरवतो. थोडा पांढरा, चिमूटभर पिवळा. गिऱ्हाईक येतं, गाडीभोवती दोन फेऱ्या मारतं, बोट फिरवून बघतं आणि म्हणतं, वा, कुठे ठोकली होती तेच कळत नाही. ते कळलं नाही म्हणजे माझं काम झालं. या कामात मला आजवर कुणी हरवलेलं नाही, हे मी छाती ठोकून सांगतो.

दादाचा गळा गेला तो रंग पातळ करायच्या त्या थिनरच्या वाफेनेच. मास्क लाव म्हणून मी हजार वेळा सांगितलं असेल. "मास्क लावून मला रंगाचा वास कळत नाही," हे त्याचं उत्तर. वास कळून करायचंय काय, रंग डोळ्यांनी बघायचा असतो. पण दादापुढे बोलायची सोय नाही.

सहा वर्षांपूर्वी एका कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात आम्ही आमचं धक्क्यावरचं गाणं घेतलं. हे गाणं म्हणजे आमची ओळख. त्यात होडी सुटून गेलेली असते आणि एक माणूस धक्क्यावर उभा असतो, बाकी काही नाही. तिसऱ्या कडव्यात तो होडीला हाक मारतो. ती हाक इतकी वरच्या सुरात आहे की भले भले तिथे कच खातात. दादा सोळा वर्षं ती हाक डोळे मिटून मारायचा आणि लोक उठून उभे राहायचे. त्या दिवशी हाक अर्ध्यात फाटली. म्हणजे अक्षरशः चिरकली. पुढच्या रांगेतली दोन पोरं हसली. दादाने ती पाहिली.

त्यानंतर तीन दिवस तो कुणाशी बोलला नाही. स्प्रेच्या खोलीत दार लावून बसायचा, आत गाडी नसतानाही. चौथ्या दिवशी वहिनी माझ्याकडे आली. "भावोजी, हे म्हणताहेत गाणंच सोडायचं. गाणं सोडलं तर या माणसाचं काय होईल मला माहीत नाही. काहीतरी करा हो."

मी केलं. मला जे येतं तेच केलं.

आमच्या बँडमध्ये पहिल्यापासून एक नियम आहे. ट्यूनर, म्हणजे तार सुरात लागली की नाही ते दाखवणारं यंत्र, एकच, आणि तो माझ्याकडे. सुरुवातीला तिघांकडे तीन होते, आणि एका कार्यक्रमात तीन ट्यूनरनी तीन मतं दिली तेव्हा आमची जी शोभा झाली, तेव्हापासून कानाला खडा. कार्यक्रमाआधी दोन्ही गिटार मी एकटा लावतो, दादा बाजूला उभा राहून ट्यूनरच्या काचेकडे बघतो, हिरवा दिवा लागला की म्हणतो, "ठीक?" मी म्हणतो, "ठीक." मगच तो मंचावर जातो. आता त्या ट्यूनरला मागच्या अंगाला एक बारीक बटण आहे. ते एकदा दाबलं की सगळं एक पट्टी खाली लागतं, पण काचेवर अक्षरं तीच दिसतात आणि दिवाही हिरवाच लागतो. ते बटण मी एकदा दाबलं. दादाची हाक पुन्हा लागायला लागली. तो मंचावरून उतरला तेव्हा त्याचा चेहरा बघायला हवा होता. मला म्हणाला, "सर्दी होती रे तेव्हा. मी उगाच घाबरलो."

दीड वर्षाने हाक पुन्हा डगमगली. मी पुन्हा बटण दाबलं. मग आणखी एकदा, मग आणखी. सहा वर्षांत चार पट्ट्या. तारा सैल पडून लोंबायला लागल्या तशा मी जाड तारा घातल्या. लंबूच्या लक्षात आलंच, बोटं त्याची आहेत. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो मूग गिळून बसला. आवाज उलट आणखी जड झाला. लोक म्हणायला लागले, वयाबरोबर तुमचा बँड काय दणकट झालाय. दादाही हे ऐकायचा आणि मान डोलवायचा. कुणी फोनवर टिपलेलं स्वतःचं जुनं गाणं तो कधीच ऐकत नाही. ते ऐकणारा गायक संपला, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे ताडून बघायचा प्रश्नच नव्हता. तो मात्र भेटेल त्याला सांगायचा, "पन्नाशी उलटली माझी, पण पट्टी तीच, जी पहिल्या दिवशी होती. एक सूर खाली आलेलो नाही." हे तो सांगत असताना मी अँपच्या वायरी गुंडाळत असायचो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. ठोकल्याची जागा कुणाला सापडत नव्हती.

मग ते रेकॉर्डचं काम आलं. एका छोट्या रेकॉर्ड कंपनीने ठरवलं की दहा बँडकडून दहा जुनी गाणी जड करून घ्यायची आणि एकत्र काढायची. आम्हाला धक्क्यावरचं गाणं मिळालं. बावीस वर्षांत पहिल्यांदा आमची हाक कायमची कुठेतरी राहणार होती. दादाने महिनाभर आधी थंड पाणी सोडलं, बोलणंसुद्धा कमी केलं, जे वहिनीला फार मानवलं. कंपनीची एकच अट होती: मूळ गाण्यात ऑर्गन आहे, तो हवाच. ऑर्गनवाली बाई कंपनीच पाठवणार होती.

ऑर्गनला तारा नसतात. तो जिथे असतो तिथेच असतो, आणि आम्ही त्याच्या चार पट्ट्या खाली. मी बाईंचा नंबर मिळवला आणि फोन केला. बाई सभ्य होत्या. म्हणाल्या, "काही अडचण नाही. माझ्या कीबोर्डला पट्टी बदलायचं बटण आहे. चार खाली ना? मी आल्या आल्या लावून ठेवते." इथेच मी माती खाल्ली. एवढंच म्हणायचं होतं, की बाई, हे आपल्या दोघांतच राहू द्या. पण ते म्हणायला जीभच उचलेना. सख्ख्या भावाची गोष्ट परक्या बाईला कशी सांगायची? आभार मानले आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी नऊला स्टुडिओत गेलो. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट, अलीकडे आम्ही. बाई आधीच येऊन बसल्या होत्या. मला बघून त्यांनी मान हलवली, म्हणजे लावून ठेवलंय. माझा जीव भांड्यात पडला. मी गिटार लावल्या, दादाने काच पाहिली.

"ठीक?"

"ठीक."

तेवढ्यात रेकॉर्डिस्ट म्हणाला की कुठूनतरी गुणगुण येतेय, कीबोर्डचा प्लग बदलतो. त्याने प्लग काढला, दुसरीकडे खोचला. मला काय ठाऊक, बंद करून चालू केला की तो कीबोर्ड सगळं विसरतो?

काठ्यांनी चार मोजले आणि आम्ही सुरू झालो. पहिल्याच ठोक्याला असा काही आवाज आला की मेहुण्याने जेवणाचाही विचार सोडून मान वर केली. आम्ही एकीकडे, ऑर्गन भलतीकडे. दादा वैतागला. "बाई, पट्टी बघा जरा तुमची."

"अय्या, हो," बाई म्हणाल्या. "बंद झाल्यामुळे शून्यावर गेलं वाटतं. यांनी फोनवर सांगितलं होतं, चार खाली." आणि त्यांनी बटण दाबलं. त्या बटणाला आवाज होता. टिक. टिक. टिक. टिक. कीबोर्डच्या छोट्या पडद्यावर उणे चार असा आकडा आला, लाल रंगात, दादा उभा होता तिथून स्वच्छ दिसेल असा.

दादाने आकडा पाहिला. मग माझ्या पायाशी पडलेला ट्यूनर उचलला, उलटा केला आणि ते मागचं बटण पाहिलं. दादा मोटारींमध्ये वाढलेला माणूस आहे. त्याला बटण कशासाठी असतं ते सांगावं लागत नाही.

"चार?" तो म्हणाला.

"वजन येतं दादा, खालच्या पट्टीत. सगळे जड बँड उतरवतात."

"कधीपासून?"

त्याने लंबूकडे पाहिलं. लंबू बुटाच्या लेसकडे बघत होता, साडेसहा फुटांवरून.

"त्या कंपनीच्या कार्यक्रमापासून," दादा म्हणाला. विचारलं नाही त्याने, नुसतं म्हणाला. "म्हणजे सहा वर्षं. सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरलो, एक सूर खाली आलेलो नाही म्हणून. तू शेजारीच असायचास. तुला हसू यायचं नाही?"

"मी कधीच हसलो नाही, दादा."

"तेच. एकदा हसला असतास तर मला कळलं तरी असतं."

मलाही राग आला. का येऊ नये? सहा वर्षं मी या माणसाला काचेच्या भांड्यासारखा जपला. "आवाज फाटला असता तुझा," मी म्हटलं. "पुन्हा लोक हसले असते."

"मला हसले असते. तुझं काय जात होतं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि तिथे सांगण्यासारखं नव्हतं. दादाने गाणं सोडलं असतं तर मी नुसता रंगवाला उरलो असतो. माझं तेच जात होतं.

"सगळं वर आण," तो म्हणाला. "जिथे होतं तिथे."

"या तारा जाड आहेत. चार पट्ट्यांचा ताण सहन नाही व्हायचा त्यांना."

"तारांना की मला?"

मी लंबूची गिटार घेतली आणि पिळायला लागलो. एक पट्टी चढली, दुसरी चढली. तिसरीला तार सटकन तुटली आणि माझ्या मनगटावर बसली. रक्त आलं. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टचा आवाज आला, की बारानंतर दुसऱ्यांची वेळ आहे, काय ते ठरवा.

"ठरलंय," दादा म्हणाला. "गिटार नकोत. बाई, तुम्ही ते शून्यावर घ्या आणि मूळ गाण्यात आहे तसं साधं वाजवा. मी गातो."

"दादा, हे जड गाण्यांचं रेकॉर्ड आहे," मी म्हटलं. "हट्ट करू नकोस. पुढच्या रविवारी येऊ, मी पातळ तारा आणतो."

"तू बाहेर जा. त्या काचेमागे जाऊन बस."

बावीस वर्षांत दादा माझ्यावर कधी ओरडला नव्हता. तेव्हाही ओरडला नाही. गिऱ्हाइकाला सांगतो तसं सांगितलं. मी बेस गळ्यात तसाच अडकवून काचेमागे गेलो. लंबू आणि मेहुणा आले. बाईंनी बटण चार वेळा उलटं दाबलं.

दादा गायला लागला. पहिलं कडवं त्याने कसंबसं काढलं, खालचं होतं म्हणून. दुसऱ्यात घसा खरखरला. दोनदा तो सुराच्या जवळ जाऊन परत आला. मी मनात म्हणत होतो, पुरे कर, थांबव, उगाच हसं करून घेऊ नकोस. रेकॉर्डिस्ट फोनमध्ये डोकं घालून बसला होता. मग तिसरं कडवं आलं आणि दादाने हाक मारली.

ती फाटली. कशी फाटावी? मधोमध, सहा वर्षांपूर्वी फाटली होती तशीच, उलट जास्त. पण या वेळी तो थांबला नाही. त्या फाटलेल्या आवाजानेच त्याने ती हाक शेवटपर्यंत ओढली. वर पोचलाच नाही तो. सुटलेली होडी परत येणार नाही हे त्या माणसाला माहीत आहे, तरी तो ओरडतोय, हे मला बावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकू आलं. हे गाणं मी सातशे-आठशे वेळा वाजवलं असेल. रेकॉर्डिस्टने फोन उलटा ठेवला. मेहुण्याने नाक ओढलं. आणि मी गळ्यात ते बिनवायरीचं लाकूड घालून उभा होतो, आणि मला कळत होतं की हे मीच सहा वर्षं झाकून ठेवलं होतं, दर कार्यक्रमाला, हिरवा दिवा लावून.

दादा बाहेर आला, पाणी प्यायला, म्हणाला, "पुन्हा नाही गाणार. घ्यायचं तर हेच घ्या." आणि बाईंना नमस्कार करून निघून गेला. कंपनीने तेच घेतलं. त्यांच्या माणसाने मला फोन करून सांगितलं, दहा गाण्यांत सगळ्यात जड हेच झालंय. एकही गिटार नसताना. मी म्हटलं, हो का, छान.

त्याला आता पाच महिने झाले. बँड मोडला असं कुणी म्हणालं नाही, पण तालमीची खोली वहिनीने अडगळीला दिली. दादा माझ्याशी बोलतो, नाही असं नाही. "पांढरी गाडी, डावा दरवाजा. संध्याकाळपर्यंत." एवढंच. आणि एक नवीनच सुरू केलंय. मी रंग काढला की तो स्प्रे भरायच्या आधी विचारतो, "कोडापेक्षा किती उतरवलास?" मी सांगतो. मग तो पाटीवर तो आकडा लिहितो, गिऱ्हाइकाला दिसेल असा. सगळी गिऱ्हाइकं आता जाऊन ठिगळच शोधतात.

गेल्या आठवड्यात रेकॉर्ड आलं. दादाने उघडूनही पाहिलं नाही, वहिनीने माझ्या रंगाच्या टेबलावर आणून ठेवलं. म्हणाली, "भावोजी, आत तुमचंही नाव आहे."

मला वाटलं, चला, निदान बावीस वर्षांची आठवण ठेवली. हात पुसले आणि आतला कागद काढला. प्रत्येक गाण्याखाली कुणी काय केलं ते छापलं होतं. आमच्या गाण्याखाली तीन ओळी होत्या. आवाज, म्हणून दादाचं नाव. ऑर्गन, म्हणून बाईंचं. आणि तिसऱ्या ओळीत: तारा लावल्या, म्हणून माझं.

ज्या गाण्यात एक तार नाही त्या गाण्यात.

"हे कंपनीने टाकलं?" मी विचारलं.

"नाही हो," वहिनी म्हणाली. "यांनी स्वतः लिहून पाठवलं. म्हणाले, सगळ्यांना कळायला हवं कुणी काय केलं ते."

"तुम्हीच आला होतात माझ्याकडे, वहिनी. काहीतरी करा म्हणून."

तिने कागदाची घडी घातली, नीट, जशी होती तशी, आणि परत आत सरकवली. "आले होते," ती म्हणाली. "त्यांना सांगू नका."